निनादचा कोरा चौकोन

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी अकरा ते साडेबारा. कोपरखैरणे, आमच्या घरची बाहेरची खोली.

हजर: मी. माझे यजमान अरविंद. मुलगा निनाद. सून मयुरी. मयुरीची आई, उरणहून आलेल्या. यजमानांची चुलत बहीण वैजू. आणि नात इरा, वय चार वर्षं दोन महिने. ती फरशीवर डब्यांना झाकणं लावत बसली होती.

कुठल्याही बैठकीची नोंद मी अशीच सुरू करते. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं हेच केलं, घरीही तेच. गॅसचा नंबर कधी लावला, टाकी कधी धुतली, कोणाच्या हळदीला कोण आलं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. कोणाला काही आठवेनासं झालं की माझ्याकडे येतात. मी कपाट उघडते, वही काढते, पान दाखवते. चूक निघत नाही.

आणि तरी एक ओळ अशी आहे, जी मी एकोणतीस वर्षांत कुठल्याच वहीत उतरवलेली नाही. बोलले तर नाहीच. अरविंदना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुमच्यापुढे पहिल्यांदा मांडते आहे – आणि लगेच मांडता येईल असंही नाही. थोडं आजूबाजूने यावं लागेल.

आज सगळे जमले ते एका फॉर्मसाठी. इराला फिट येतात. सात महिन्यांची असताना तापात पहिली आली, वीस मिनिटांची. मग ताप नसतानाही येऊ लागल्या. कारण शोधायला तिची जनुकांची तपासणी केली. कारण मिळालं, पण मिळायला हवं होतं त्याच्या चौदा महिने उशिरा. आता डॉक्टर म्हणतात, घराण्यातल्या ज्यांची ज्यांची तपासणी करायला हवी त्यांची यादी द्या. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा – लहानपणी कधी झटका आला होता का? होय की नाही? निनाद-मयुरीला दुसरं मूल हवं आहे. त्याआधी हे पूर्ण व्हायला हवं. मुदत सोमवारपर्यंत.

यादी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच आहे.

यादी माझ्याकडे तयारच होती. सत्तावीस वर्षांपासून.

निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, लग्नातल्या कामांची. आमच्या आगरी घरात हळद म्हणजे अख्खं गाव जेवायला. मोठी सून म्हणून कामं मी वाटते. देवाला कोण जाणार, मांडवात कोण, कलवऱ्या म्हणजे करवल्या कोण, दारात कुंकू लावायला कोण, वड्यांच्या कढईपाशी कोण. धाकट्या दिरांच्या हळदीला वैजू अशीच कढईपाशी उभी होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. उभ्याउभ्या आडवी झाली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. कढई थोडक्यात वाचली. मागच्या दारी तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच होतो; तिला आणि बाकीच्यांना भोवळ आली एवढंच सांगितलं. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिला आगीपाशी ठेवू नको. मी वहीत वैजूच्या नावापुढे पेन्सिलीने एक ठिपका दिला.

तो ठिपका योग्यच होता. आगीपाशी नको – यात वाईट काय?

पण पुढच्या लग्नात मी वैजूला दारातही उभं केलं नाही. त्याच्या पुढच्या लग्नात मांडवात बसवलं नाही. पाहुण्यांसमोर पडली तर? व्हिडिओत आली तर? मग तिचा मुलगा मोठा झाला, त्यालाही फिट येते असं कळलं – त्याच्याही नावापुढे ठिपका. मग घणसोलीच्या आत्याबाईंच्या दोन मुली. मग आत्याबाई स्वतः, कारण कोणीतरी सांगितलं की त्यांनाही लहानपणी आकडी यायची. मग त्यांच्या एका मुलीचा मुलगा. एकूण सहा ठिपके. त्या सहा जणांना माझ्या यादीत कायम मागची कामं – पाण्याचे जग भरणं, पत्रावळी मोजणं, चपला सांभाळणं. कोणी मला कधी विचारलं नाही. यादी मी करते ना, मग ती नीटच असणार.

सहाही जण एकाच रक्ताचे, माझ्या सासऱ्यांच्या घरचे. हॉस्पिटलात ज्याला घराण्याचा इतिहास म्हणतात तो माझ्या कपाटात पडून होता. माझ्या सुवाच्य अक्षरात. त्या अक्षराची मला आता शिसारी येते.

इरा दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या रक्ताचा नमुना द्यायचा ठरला. त्याआधी तिथल्या एका काउन्सेलर मुलीने आम्हाला बसवलं. तीस वर्षांची असेल नसेल, फार शांत बोलायची. तिने कोरा कागद घेतला आणि घराणं काढायला लागली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्यांना फिट येते किंवा कधी आली होती ते काळे भरायचे, बाकीचे कोरे. सगळ्यात खाली इराचा छोटा गोल, तो तिने आधीच काळा केला होता.

मी इराची फाइल घेऊन गेले होते. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, ताप किती, आधी काय खाल्लं होतं. मुलीने ती चाळली आणि म्हणाली की अशी नोंद इथे कोणीच आणत नाही. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. नातीच्या झटक्यांच्या यादीचं कौतुक झालं आणि मी पदर सारखा केला.

मग तिने आधी मयुरीच्या बाजूला विचारलं. विहीणबाई साध्या आहेत. त्यांचे यजमान कंटेनर यार्डात होते, घर बाईंनीच चालवलं. त्यांनी आठवून आठवून सगळं सांगितलं. मयुरीचा भाऊ सागर बारा वर्षांचा असताना उन्हात चक्कर येऊन पडला होता, हेही सांगितलं – कोणी न विचारता. मुलीने सागरच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं.

मग आमची बाजू. वडिलांच्या घरी कोणाला फिट, आकडी, लहानपणी तापातले झटके?

अरविंद माझ्याकडे बघायला लागले. ते बायकांच्या गोष्टीत कधी नव्हते; वैजू ‘नाजूक’ आहे एवढंच त्यांना ठाऊक. मी म्हटलं, नाही. आमच्याकडे कोणालाच नाही.

सहा ठिपके. आणि मी म्हटलं, नाही.

का? विहीणबाई समोर बसल्या होत्या म्हणून? लग्न ठरवताना त्यांनी मला सरळ विचारलं होतं, मुलाच्या घरात काही आजार वगैरे? आणि मी सरळ नाही म्हटलं होतं म्हणून? ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिली. कारणं आहेतच. पण कारणांनी ते कमी घाण होत नाही.

आणि ठिपके ही खरी गोष्ट नाहीच. ठिपक्यांमागे लपून मी अजून तुमच्याशी चाचरते आहे.

त्या मुलीने शेवटी निनादला विचारलं, तुम्हाला स्वतःला लहानपणी कधी झटका आला होता? तापात वगैरे?

माणसाला स्वतःचं दुसरं वर्ष कुठे आठवतं? निनादने माझ्याकडे पाहिलं. जन्मापासून ज्या गोष्टी त्याला आठवत नाहीत त्या विचारायला तो माझ्याकडेच येतो. लस कधी टोचली, दात कधी आला, पहिला शब्द कुठला.

तर मग ऐका.

निनाद सव्वा वर्षाचा होता. दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारची वेळ, अंगात ताप. सासूबाईंच्या मांडीवर होता. एकाएकी ताठ झाला, डोळे वर गेले, ओठ निळे पडले, मग हातपाय उडायला लागले. सासूबाईंनी चप्पल त्याच्या नाकाशी धरली, मी कांदा फोडून आणला. किती वेळ चाललं? मी घड्याळ पाहिलं नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावत नेलं. त्यांनी ताप उतरवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, तापातला झटका. आठ महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा तापातच. पुन्हा तेच डॉक्टर, तशीच चिठ्ठी. दोन्ही वेळा अरविंद तुर्भ्याला कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. घरी आले तेव्हा मुलगा झोपला होता. ताप आला होता एवढंच आम्ही सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, “आता गप ऱ्हायाचं. पोराचं लगीन व्हयाचं हाय.”

दोन वर्षांचंही नव्हतं ते पोर, आणि या त्याच्या लग्नाचं बोलत होत्या. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, पटलं. मी त्या दोन चिठ्ठ्यांचे तुकडे केले आणि खाडीकडे जाणाऱ्या नाल्यात टाकले. रेशनची जुनी पावतीसुद्धा न फेकणारी मी. सासूबाई गेल्या, ते डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. आता हे जगात फक्त मला माहीत आहे.

आणि अजून एक. वैजू कढईपाशी पडली त्या हळदीला निनाद तीन वर्षांचा होता. वैजूच्या नावापुढे ठिपका देताना माझ्या हातात तीच वही होती, तेच पान होतं, आणि त्याच पानावर दोन ओळी वर निनादचं नाव होतं – करवला, पुढे उभा राहणार. लाल फेटा बांधून मी त्याला मांडवाच्या ऐन मध्ये उभा केला. त्याच्या नावापुढे ठिपका नाही. लोकांच्या लेकरांना मी मागे ढकलत होते आणि माझं पुढे उभं होतं. सहा जणांना जो आजार होता तोच माझ्या मुलाला होऊन गेला होता, हे मला सहाही वेळा, पेन्सिल टेकवताना, माहीत होतं.

तर निनादने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही गं बाई. याला कधी साधा तापसुद्धा टिकला नाही.”

वर थोडी हसलेही.

मुलीने निनादचा चौकोन कोरा ठेवला.

त्या कोऱ्या चौकोनाचं पुढे काय झालं, ते सांगते. इराच्या रिपोर्टात एका जनुकात बदल निघाला. पण नुसता बदल असून भागत नाही. तो आजाराचा आहे की निरुपद्रवी, हे ठरवावं लागतं. म्हणून आई-वडिलांचं रक्त घेतलं. बदल निनादकडून आला होता. आम्हाला पुन्हा बोलावलं. त्या मुलीने तोच कागद पुढे ठेवला आणि समजावलं – हाच बदल बाबांच्या अंगात आहे आणि बाबा ठणठणीत आहेत, त्यांच्या घरात कोणालाच कधी फिट नाही, म्हणजे या बदलाला आज दोषी ठरवता येत नाही. अर्थ अनिश्चित, असं लिहावं लागेल. बाबांच्या बाजूला कोणी एखादा जरी असता तर वेगळा विचार केला असता. मग तिने मला पुन्हा विचारलं, काकू, नक्की कोणी नाही ना?

हा दरवाजा माझ्यासाठी दुसऱ्यांदा उघडला होता. मी म्हटलं, नक्की.

म्हणून औषध बदललं नाही. इराला जे औषध चालू होतं ते पुष्कळ मुलांना लागू पडतं, पण या बदलाच्या मुलांमध्ये तेच झटके वाढवतं. ते मी रोज सकाळ-संध्याकाळ तिला पाजलं. सिरिंजने मोजून, वेळेवर, वहीत खूण करून. चौदा महिन्यांत एकही डोस चुकला नाही.

घरातल्या बायकांनी रिपोर्टचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, आमच्याकडे काही निघालं नाही. पुढचं त्यांनी आपापलं जुळवलं. एकीशी बोलताना मी सागरची ती चक्करही सांगून टाकली – सहज, भाजी निवडताना. दोन महिन्यांत ती गोष्ट उरणला पोचली आणि सागरचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी म्हणे विचारलं, तुमच्या घरात फिट आहे ना? विहीणबाईंनी मला फोन करून रडत सांगितलं. मी त्यांची समजूत घातली. घालता आली मला.

आणि मयुरी? घरात कोणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही. पण ती संकष्टी धरायला लागली, मग मंगळवार, मग शनिवार. निनादकडचा बदल दोषी ठरला नाही, म्हणजे आपल्याच रक्तात काही असणार, असं धरून ते शोधत आरशासमोर उभी राहायची. एकदा मी तिला जेवायला बोलावलं तर म्हणाली, आई, माझ्यामुळेच असेल ना हो? मी काय म्हटलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, असा विचार करू नये.

गेल्या मार्चमध्ये इराला चाळीस मिनिटं फिट आली. चार दिवस आयसीयू. घरी आली तेव्हा ‘आबा’, ‘पाणी’, ‘माऊ’, ‘दे’ – होते नव्हते ते सगळे शब्द गेले होते. भूक लागली की नुसती भिंतीकडे बघायची. शब्दांचीही माझ्याकडे यादी होती, कुठला कधी आला. त्या यादीचं काय करायचं, ते मला कळेना.

तेव्हा वैजू बघायला आली. डब्यात सोड्याचं कालवण घेऊन. आमच्याकडे ती फारशी येत नाही. का येत नाही, हे मला माहीत आहे. तिने इराला मांडीवर घेतलं, कपाळावरून हात फिरवला आणि मयुरीला म्हणाली, “मला पन येतात. माझ्या पोराला पन. तुला कोनी सांगलं नाय?”

मयुरीने हातातला पेला खाली ठेवला आणि इराची फाइल काढली.

दुसऱ्याच दिवशी मयुरी वैजूला आणि तिच्या मुलाला घेऊन हॉस्पिटलात गेली. दोघांच्या रक्तात तोच बदल निघाला. तीन वाक्यांत चौदा महिन्यांचं काम झालं. औषध बदललं. आधी महिन्याला आठ-नऊ फिट यायच्या, आता दोन महिन्यांत एखादी येते. ‘आबा’ परत आला. ‘दे’ परत आला. ‘माऊ’ अजून नाही.

मी तेव्हा काय केलं? आश्चर्य दाखवलं. हात तोंडावर नेला. म्हटलं, अगं वैजू, आम्हाला पत्ताच नाही.

आजची बैठक. वैजू खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स. यादीचं निघालं तसं ती हसत म्हणाली, “यादी वहिनीच करनार. वहिनीच्या यादीत मला कायम पान्याचे जग. हलदीच्या एका तरी फोटोत मी दिसले का, विचार तिला.” सगळे हसले. अरविंदही हसले. मीसुद्धा हसले. वैजू हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या की एवढी मोठी गोष्ट घरात असून मोठ्या सुनेलाही ठाऊक नसावी, नवल आहे. त्यांनी टोमणा मारला होता का? मला सांगता येत नाही. पण मयुरी लगेच मध्ये पडली.

“आईंना कुठून कळणार? त्याही बाहेरूनच आलेल्या ना, माझ्यासारख्या. त्यांच्यापासूनही लपवलंच असणार यांनी.”

आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिथे, त्या हाताखाली, मला बोलायला जागा होती. सातही माणसं हजर होती. दार लावलेलं होतं. घाई कोणालाच नव्हती. मी चहा टाकायला उठले. ओट्याशी उभी राहून साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. परत आले तेव्हा विषय पुढे गेला होता. मयुरी सांगत होती की दुसऱ्या बाळाच्या वेळी काय होऊ शकतं याचा अंदाज डॉक्टर याच यादीवरून बांधणार आहेत. निनादला तो बदल असून लहानपणी काहीच झालं नव्हतं, हे त्यांना आशेचं वाटतं. ती हे सांगताना निनादकडे बघत होती. चेहरा उजळला होता तिचा. कित्येक दिवसांनी.

त्या आशेखाली मी बसले आहे, बूड हलवलेलं नाही.

सगळे गेल्यावर मी निळी वही काढली आणि फॉर्म भरायला घेतला. वेळ लागला नाही. सहा ठिपके, सहा ‘होय’. पत्ते, वयं, नाती – सगळं माझ्याकडे होतंच. घणसोलीच्या आत्याबाईंचं वय फोन करून पक्कं केलं. एकूण बावीस नावं. मग खोडरबराने ठिपके पुसले. पेन्सिलीचं पुसलं गेलं, पण उजेडात धरलं तर कागदावर दाब दिसतो.

निनाद आत्ता डोकावून गेला. झालं का, म्हणाला. मी म्हटलं, होत आलं.

कामाची स्थिती: एकवीस ओळी पूर्ण. पाकिटावर पत्ता लिहिला. सोमवारी हॉस्पिटलात नेऊन द्यायचं.

प्रलंबित: ओळ तिसरी. निनाद. लहानपणी झटका – होय की नाही.